वारणानगरात आयटीची पदवी: पैसे कुठे, कधी आणि किती

वारणानगरात राहून कॉम्प्युटरची पदवी घ्यायची तर चार वर्षांना किती पैसे लागतील? कॉलेजचं फी-पत्रक याचं अर्धंच उत्तर देतं. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांनी भरलेल्या फीत दुप्पट, कधी दहापटही फरक असतो. हा फरक दोन गोष्टींनी पडतो. तुम्ही कोणत्या जागेवर आत आलात ही एक, आणि कोणता दाखला कोणत्या तारखेला तुमच्या हातात होता ही दुसरी. म्हणून आधी जागा आणि दाखले बघू. खोली, मेस आणि लॅपटॉप त्यानंतर.

पदवीचं नाव नीट वाचा

बारावीनंतर ‘आयटी करायचंय’ म्हणणाऱ्यासमोर तीन रस्ते असतात आणि तिन्हींचा खर्च निराळा आहे.

पहिला बी.टेक., चार वर्षांचा. बारावीला फिजिक्स आणि गणित हवंच. खुल्या वर्गाला विषयगटात किमान ४५ टक्के, राज्यातल्या राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. वारणानगरात १९८३ साली सुरू झालेलं तात्यासाहेब कोरे इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी आहे. तिथे कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग शिकता येतं. पदवीवर ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ हेच शब्द हवे असतील, तर जवळ कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सांगलीचं वालचंद आहे. पण तेवढ्या शब्दांसाठी घर सोडून खोलीचं भाडं भरू नका. पहिल्या दोन वर्षांत दोन्ही शाखांचे विषय बरेचसे तेच असतात, आणि नोकरीच्या जाहिरातींत दोन्ही नावं एकाच ओळीत असतात. कराड आणि सांगलीचा पर्याय वर ठेवायचा तो दुसऱ्या कारणासाठी. एक सरकारी आहे, दुसरं अनुदानित. गुण तेवढे असतील तर ही नावं आधी भरा.

दुसरा रस्ता बीसीए, तीन वर्षांचा. कोणत्याही शाखेची बारावी चालते. इथे फसगत होते ती सीईटीबाबत. २०२४ पासून बीसीएलाही राज्याची वेगळी सीईटी आहे. ‘आमच्याकडे नुसत्या बारावीवर थेट बीसीए’ असं कुणी सांगितलं, तर तो अभ्यासक्रम नेमका कोणत्या नावाने मंजूर आहे ते कागदावर दाखवायला सांगा. काही ठिकाणी परीक्षा टाळण्यासाठी अभ्यासक्रमाचं नावच बदललेलं असतं. असं नाव बदललेला अभ्यासक्रम वाईटच असतो असं नाही. पण मग तो बीसीए नाही, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळायला हवं.

तिसरा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. याला सीईटी नाही, प्रवेश बारावीच्या गुणांवर कॉलेजातच होतो. तिन्हींत सगळ्यात कमी खर्च बहुतेक इथेच येतो. पुढे एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. करायचं नक्की असेल, तर घरच्या पैशांचा विचार करता हा रस्ता मुळीच कमी प्रतीचा नाही.

दहावीनंतरच ठरवणार असाल तर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बी.टेक. घेता येतं. त्याला सीईटी लागत नाही, प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो.

प्रवेशाच्या दिवशी एक प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर लेखी घ्या: पदवीच्या कागदावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार? वारणेची कॉलेजं वर्षानुवर्षं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. आता वारणेचं स्वतःचं समूह विद्यापीठ आकाराला आलं आहे. परीक्षेचं शुल्क, पुनर्मूल्यांकनाचे नियम आणि बदली प्रवेशाची सोय या नावावर ठरते.

परीक्षेपासून जागा मिळेपर्यंत

बी.टेक.साठी एमएचटी-सीईटी. गणिताला १०० गुण, फिजिक्स आणि केमिस्ट्रीला ५०-५०. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. अर्ज हिवाळ्यात सुरू होतात आणि बारावीची लेखी परीक्षा संपण्याआधी मुदत संपते. बोर्डाचा पेपर झाल्यावर बघू म्हणणाऱ्याचं वर्ष जातं.

खर्च असा. २०२५ च्या प्रवेशात सीईटीचं शुल्क खुल्या वर्गाला १००० रुपये आणि राखीव वर्गाला ८००. केंद्रीय प्रवेश फेरीच्या, म्हणजे कॅपच्या नोंदणीला तेवढंच पुन्हा. जागा मिळाल्यावर ती स्वीकारण्याचे १००० सगळ्यांना, आणि ते परत मिळत नाहीत. म्हणजे जागा हातात येईपर्यंतचा सरकारी खर्च ३००० किंवा २६०० रुपये. यापेक्षा जास्त कुणी मागितलं तर ती त्याची सेवा आहे, सरकारी शुल्क नाही. पीसीबीचीही, म्हणजे जीवशास्त्र गटाचीही, सीईटी दिली तर तिचं शुल्क वेगळं.

कॅपमध्ये कागदपत्रं तपासून घ्यायला दोन सोयी आहेत. घरबसल्या ई-पडताळणी, किंवा सुविधा केंद्रावर जाऊन प्रत्यक्ष पडताळणी. दोन्हींना वेगळे पैसे नाहीत. सायबर कॅफेवाला फॉर्म भरून देण्याचे दोनशे-पाचशे घेतो. घेऊ द्या, पण पासवर्ड आणि ओटीपी त्याच्याकडे ठेवू नका. कॉलेजांच्या पसंतीक्रमाची यादी तुमच्या खात्यातून भरली जाते. खातं ज्याच्या हातात, क्रम त्याच्या हातात. यादी पक्की करण्याआधी मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे ना, ते तपासा.

आता सगळ्यात महाग चूक. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या आणि जागा आपोआप पक्की होण्याचा नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली तरी तेच. चौथ्या फेरीत जे मिळेल ते शेवटचं. याचा अर्थ, ‘बघू तरी मिळतंय का’ म्हणून वरच्या सहा ओळींत एकही कॉलेज टाकायचं नाही. वारणानगर तुम्हाला खरंच हवं असेल, घरून ये-जा जमणार असेल, तर ते वर लिहा. तुमच्या वर्षाच्या माहितीपत्रकात हे आकडे बदललेले असू शकतात. तेवढं एक पान छापून भिंतीला लावा.

पसंतीक्रम भरताना चॉइस कोडकडे नीट बघा. त्याच कॉलेजची तीच शाखा यादीत दोनदा दिसते. एका कोडच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ असतो. ती शिक्षण शुल्क माफीची, टीएफडब्ल्यूएसची जागा. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर हा कोड साध्या कोडच्या वर लिहा. अशा जागा मंजूर संख्येच्या फक्त पाच टक्के असतात. साठच्या वर्गाला तीन. चुरस मोठी आहे, पण कोड लिहायला पैसे पडत नाहीत, आणि मिळाली तर चारही वर्षं शिक्षण शुल्क शून्य. अट एकच: मध्येच कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

पन्हाळ्याच्या फेऱ्या

वारणानगर पन्हाळा तालुक्यात येतं, म्हणजे दाखले पन्हाळा तहसीलचे. वारणा नदीपलीकडची मुलं शिराळा किंवा वाळव्याची. त्यांचा तालुकाच नव्हे, जिल्हाही निराळा. जात पडताळणीची समिती त्यांना सांगलीची, तुम्हाला कोल्हापूरची. एका वर्गातल्या मित्राने जिथे अर्ज दिला तिथेच तुम्ही द्यायचा, असं चालत नाही.

काय काय लागतं? दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला. उत्पन्नाचा दाखला. राखीव वर्गाला जातीचा दाखला, जात वैधता, आणि एससी-एसटी सोडून बाकींना नॉन-क्रीमीलेयर. मराठा समाजातल्या मुलांना २०२४ च्या कायद्यानुसार एसईबीसीचा दाखला. त्यालाही वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर लागतंच. ईडब्ल्यूएस असेल तर राज्याच्या नमुन्यातला दाखला, केंद्राच्या नमुन्यातला नव्हे. निपाणी-बेळगावकडच्या वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतली मराठी मातृभाषेची मुलं महाराष्ट्रातल्या प्रवेशाला वेगळ्या गटातून पात्र आहेत. त्यांनी तसा दाखला आणावा, बाहेरच्या राज्याचे म्हणून गप्प बसू नये.

उत्पन्नाच्या दाखल्याला आधी गावच्या तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, अहवाल लागतो. तो रविवारी मिळत नाही आणि ते अधिकारी तीन गावं सांभाळत असतील तर सोमवारीही मिळत नाही. अहवाल घेऊन सेतू किंवा आपले सरकार केंद्रात अर्ज करा. उत्पन्न आणि अधिवासाच्या दाखल्याला सेवा हमीची मुदत १५ दिवसांची आहे. जातीच्या आणि नॉन-क्रीमीलेयरच्या दाखल्याला त्याहून जास्त, कारण ते प्रांत कार्यालयातून सुटतात.

दर केंद्राच्या दर्शनी भागात लावलेला असतो. उत्पन्नाच्या किंवा अधिवासाच्या दाखल्याला सत्तर रुपयांच्या आसपास आणि जात व नॉन-क्रीमीलेयरला सव्वाशेच्या थोडं वर धरा. जूनमध्ये गर्दी झाली की याच कामाचे पाचशे-सातशे मागितले जातात, ‘अर्जंट’ म्हणून. सरकारी यादीत अर्जंट नावाचा दर नाही. पावती मागा. पावतीवर अर्जाचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाने अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय ते मोबाइलवर दिसतं.

दुसरी नेहमीची लूट स्टॅम्प पेपरची. २०२४ मध्ये १०० चा मुद्रांक जाऊन ५०० चा आला, आणि मुलांच्या प्रत्येक प्रतिज्ञापत्राला पाचशे मोजले जाऊ लागले. २०२५ मध्ये सरकारने स्पष्ट केलं: जात, उत्पन्न, अधिवास, नॉन-क्रीमीलेयर अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना हा मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर स्वयंघोषणा चालते. रॅगिंगविरोधी हमीपत्रही ऑनलाइन आणि फुकट आहे.

नॉन-क्रीमीलेयरबद्दल शेतकरी आणि नोकरदार घरांत मोठा गैरसमज आहे. या दाखल्याच्या आठ लाखांच्या मर्यादेत शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. त्यामुळे ‘आमचा पगार जास्त, आम्हाला मिळणार नाही’ असं गृहीत धरून अनेकजण अर्जच करत नाहीत. आई-वडिलांचं पद कोणत्या गटाचं आहे ते बघावं लागतं, पण अर्ज न करता हक्क सोडू नका. उलट शिष्यवृत्तीसाठीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात शेती, पगार, धंदा सगळं येतं. दोन दाखले, दोन हिशेब. नॉन-क्रीमीलेयरची मुदत ३१ मार्चपर्यंत असते. जुना दाखला फाइलमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहिलात, तर पडताळणीच्या दिवशी पंचाईत.

जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह करा. हा कागद आठवड्यात मिळत नाही, महिने लागतात. जागा राखीव कोट्यातून मिळाली आणि वैधता मुदतीत दिली नाही, तर ती राखीव जागा हातची जाते आणि खुल्या गुणवत्तेत उभं राहावं लागतं. काही वर्षी सरकारने मुदत वाढवून दिली आहे. त्या वाढीच्या भरवशावर चार वर्षांची फी पणाला लावू नका.

फीचे तुकडे करून बघा

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी कॉलेज ठरवत नाही. मुंबईचं शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची, प्रत्येक अभ्यासक्रमाची फी ठरवतं आणि ती संकेतस्थळावर जाहीर असते. कॉलेजात जाण्याआधी तो आकडा उतरवून घ्या. त्यात दोन तुकडे असतात: शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. हे दोन आकडे वेगळे माहीत असणं फार महत्त्वाचं, कारण बहुतेक सवलती फक्त पहिल्यावर मिळतात.

हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे धरू. हे वारणानगरच्या कॉलेजचे नव्हेत. समजा शिक्षण शुल्क ९०,००० आणि विकास शुल्क ९,०००. सवलत नसलेला मुलगा वर्षाला ९९,००० भरणार, चार वर्षांत ३,९६,०००. कॅपमधून आलेला, खुल्या वर्गातला, आठ लाखांच्या आतल्या घरचा मुलगा राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क भरेल: ४५,००० आणि ९,०००, म्हणजे ५४,०००. चार वर्षांत २,१६,०००. टीएफडब्ल्यूएसची जागा मिळालेला फक्त ९,०००. चार वर्षांत ३६,०००.

मुलींच्या बाबतीत तर हिशेबच बदलला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. वरच्या उदाहरणात अशा मुलीला ९,००० विकास शुल्क पडेल. ‘मुलींना सगळं मोफत’ असं ऐकून रिकाम्या हाताने प्रवेशाला जाऊ नका. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस यातलं काही माफ नाही. आणि मुलीला ‘बी.ए. कर, इंजिनिअरिंग परवडत नाही’ म्हणणाऱ्या घराने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. फीच्या कारणाने आता तिला अडवता येत नाही.

ओबीसी मुलांना निम्मं शिक्षण शुल्क, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण. अनुसूचित जातीला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्तीही आहे: वर्षाला ५०,००० रुपये, पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींना, एका घरातल्या दोघींपर्यंत, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो, राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर नाही, म्हणून ती खूप जणींच्या नजरेतून सुटते.

या साऱ्याला एक दार आहे: कॅप. संस्था स्तरावरच्या, लोक ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्या जागेवर गेलात, की शाहू महाराज योजना नाही आणि मुलींची माफीही नाही. म्हणून जूनमध्येच कुणी ‘आत्ता पन्नास हजार भरा, सीट धरून ठेवतो’ म्हणालं, तर तो तुमची सोय करत नाही, तुमची शिष्यवृत्ती घालवतो. मंजूर फीपेक्षा जास्त घेणं, देणगी म्हणून घेणं, हा १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे. देणगीची पावती दिली तरी गुन्हाच.

महाडीबीटीचा अर्ज प्रवेशानंतर लगेच भरा, आणि दर वर्षी नूतनीकरण करा. पहिल्या वर्षी भरला म्हणजे चार वर्षांची सोय झाली, असं नाही. आधारशी खातं जोडलेलं नसेल तर पैसे मध्येच अडकतात. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग’ झालंय का, हे शब्द वापरून विचारा. नुसतं केवायसी पुरत नाही. शिष्यवृत्तीला पात्र असताना ‘आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ’ असं सांगितलं गेलं, तर सरकारच्या सूचना त्याच्या उलट आहेत. कॉलेजने माफीचा भाग सोडून उरलेलंच घ्यायचं असतं. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा, आवक क्रमांक घ्या. तोंडी वादापेक्षा आवक क्रमांकाचा कागद लवकर काम करतो.

माझ्या ओळखीच्या एका घराने अशीच पूर्ण फी व्याजाने पैसे काढून भरली होती. शिष्यवृत्तीचा हप्ता पुढच्या वर्षी आला आणि त्यातला बराचसा व्याजातच गेला. त्यांनी अर्ज लिहिला नव्हता, कारण लिहिता येतो हेच कुणी सांगितलं नव्हतं.

मंजूर फीबाहेर काय घेता येतं? परत मिळणारी अनामत, परीक्षा शुल्क, आणि तुम्ही स्वेच्छेने घेतलेल्या सोयी: वसतिगृह, मेस, बस. स्वेच्छेने हा शब्द घट्ट धरून ठेवा. गणवेश, किट, ‘प्लेसमेंट ट्रेनिंग’, संघटनेची वर्गणी अशी ओळ चलनात दिसली तर ती सक्तीची आहे का, असं विचारा. सक्तीची असेल तर प्राधिकरणाने ती कोणत्या आदेशात मंजूर केली ते दाखवायला सांगा. रोख देऊ नका. आणि कॉलेज स्वायत्त असेल तर मागे राहिलेल्या विषयाच्या फेरपरीक्षेचा आणि उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सचा दर पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. हा दर फी-पत्रकात कधीच छापलेला नसतो, आणि पहिल्या सत्रात गणितात अडकणारी मुलं थोडी नसतात.

मूळ कागदपत्रं कॉलेजने स्वतःकडे ठेवायची नसतात. तपासून परत घ्यायची, साक्षांकित प्रती द्यायच्या.

रोजची ये-जा की खोली

कोल्हापूरहून वारणानगर तिसेक किलोमीटर. एक रस्ता महामार्गाने वाठारला येऊन कोडोलीकडे, दुसरा वाघबीळवरून बोरपाडळे-कोडोली. पेठवडगाव, कोडोली, पारगाव या पट्ट्यातल्या मुलांनी खोली घेण्याचा विचार आधी बाजूला ठेवावा.

एसटीचा विद्यार्थी पास म्हणजे दहा दिवसांच्या भाड्यात तीस दिवसांचा प्रवास. मुलींना २०२३ पासून कोणत्याही तिकिटाला निम्मं भाडं आहे, मग पास काढावा की नाही? हिशेब सोपा: महिन्यात वीस दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तर पास स्वस्त, त्याहून कमी असतील तर निम्मं तिकीट. म्हणजे परीक्षेच्या आणि दिवाळीच्या महिन्यात पास काढू नका. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना असलेला मोफत पास पदवीला चालत नाही, हे लक्षात ठेवा. कॉलेजची बस घेतली तर पैसे वर्षाचे एकदम जातात. मध्येच सोडली तर किती परत मिळतील, हे आधी लेखी घ्या.

खोली घ्यायचीच तर दोघा-तिघांत माणशी दीड-दोन हजार आणि मेसला महिना अडीच-तीन हजार असा अंदाज धरून बजेट मांडा. मेस ठरवताना तीन गोष्टी विचारा. रविवारी संध्याकाळी बंद असते का (बहुतेक असते, आणि ते जेवण तुमच्या खिशातून जातं), नाश्ता धरलाय का, आणि सुट्टीला घरी गेल्यावर किती दिवसांपासून पुढचा खाडा धरतात. खाडा धरत नाहीत ती मेस दिसायला स्वस्त असली तरी महागात पडते. खोलीमालकाला वीज मीटरप्रमाणे आहे की ठोक, तेही विचारा. रात्रभर लॅपटॉप चालवणाऱ्या मुलांना ठोक रक्कम बरी.

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना राहण्याचे पैसे मिळू शकतात. अर्ज महाडीबीटीवरच. वसतिगृहात किंवा भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो. म्हणून घरमालकाशी ‘कागद नको, विश्वासावर चाललंय’ असं करू नका.

लॅपटॉप, सर्टिफिकेटं, प्रोजेक्ट

लॅपटॉप पहिल्याच दिवशी घेण्याची घाई करू नका. पहिल्या सत्रात कॉलेजची लॅब पुरते. घेताना स्क्रीन किंवा रंगापेक्षा रॅम बघा: १६ जीबी असावी, किंवा नंतर वाढवता यावी. साठवणीसाठी एसएसडी हवीच. ग्राफिक्स कार्ड खेळासाठी लागतं, आयटीच्या पदवीसाठी नाही. ४० ते ६० हजारांत काम भागतं. ‘कॉलेजमार्फत घ्या’ म्हटलं तर तेच मॉडेल कोल्हापुरात दोन दुकानांत विचारून या.

बाहेरच्या क्लासचा आग्रह दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो. तीस-चाळीस हजारांत जावा, पायथन, डेटा सायन्स. आधी एनपीटीईएलचे अभ्यासक्रम बघा. आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर विषयाला १००० रुपये. ‘पैसे भरा, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट घ्या’ अशी जाहिरात आली तर सरळ पुसून टाका. इंटर्नशिपमध्ये कंपनी तुम्हाला पैसे देते, किंवा निदान मागत तरी नाही.

शेवटच्या वर्षाला तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत. पाच-दहा हजार घेतात, रिपोर्ट बांधून देतात. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. वारणानगरात राहून प्रोजेक्टला विषय मिळत नाही, असं होऊच शकत नाही. १९९८ साली याच भागातल्या सत्तर गावांना ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाने संगणकाने जोडायचं ठरवलं, आणि पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने काही गावांत ऊसनोंदीची माहिती साध्या मोबाइलच्या एसएमएसवर आणून दाखवली. ऊसतोडीचा क्रम, दूध संकलनाची फॅटची नोंद, पाणीपुरवठा संस्थेची पाळी: हे प्रश्न तुमच्या चुलत्याच्या घरात आहेत. त्यांना विचारून प्रोजेक्ट करायला एक रुपया लागत नाही.

कर्ज आणि माघार

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं. चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही लागत नाही. बँकेने जमिनीचा उतारा मागितला तर का, ते विचारा. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजात तीन टक्क्यांची सवलत आहे, पण ती ठरावीक यादीतल्या संस्थांनाच लागू आहे. अर्जाआधी यादीत कॉलेज शोधा. सावकाराकडे किंवा ॲपवरच्या कर्जाकडे जाण्याआधी निदान दोन राष्ट्रीयीकृत बँकांत लेखी अर्ज द्या.

प्रवेश रद्द करायचा झाला तर प्रवेशाच्या अंतिम तारखेआधी करा. १००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. अंतिम तारीख उलटली की अनामतीशिवाय काही हाती येत नाही. रद्द केल्याचा अर्ज ऑनलाइन नोंदवा आणि त्याची छापील प्रत कॉलेजात देऊन शिक्का घ्या. नुसतं तोंडी सांगून घरी आलात, तर तुमची जागा भरलेलीच राहते आणि फीसुद्धा.

मूल आत्ता अकरावीत किंवा बारावीत असेल, तर तीन कामं याच महिन्यात करा: कनिष्ठ महाविद्यालयाचं पत्र घेऊन जात वैधतेचा अर्ज, बँकेत आधार सीडिंग, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं, आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे बघणं. नावातल्या एका वेलांटीची दुरुस्ती प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही.